वलांड्या मोकळ्या हायत

सातपाटी
७ डिसेंबर १९८६

जमना,

चष्म्याचं म्हणशील तर मी चष्मा लावणार नाय. पालघरच्या डॉक्टरने लिहून दिलाय, तो कागद मिठाच्या डब्याखाली हाय, तिथेच राहू दे. मला सुईत दोरा ओवता येतो, मासळी शिळी की ताजी ते लांबून दिसतं, आणि समोरचा खोटं बोलतोय का ते तर डोळे मिटून कळतं. आणखी काय बघायचंय मला या वयात.

तुजं पत्र मिळालं. एकदा मी वाचलं, एकदा शेजारच्या लाडकीला वाचायला दिलं. तिला पण समजलं नाय, पण ती कबूल करत नाय.

मला वाटलं होतं लायब्ररीवाली मंजे किल्ली कमरेला, पोरं गप्प. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, शिक्का मारला, पाच वाजता घरी. चांगली नोकरी. वारा नाय, चिखल नाय. तुजी आई गेली आणि तुजा बाप होडीवर, तवा मी एका काखेत तुला आणि डोक्यावर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसली. तिथेच तुला अक्षरं गिरवायला लावली. ती असल्या निवांत नोकरीसाठी. आता तू लिहितेस की इंजिनेरच्या पोरांना माहिती कशी शोधायची ते शिकवायचा आठवड्याला एक तास तुला मिळाला आणि तू जाम आनंदात हायस. पोरं एवढी शिकून मुंबईच्या कॉलेजात बसली, आणि त्यांना पुस्तकात बघता येत नाय? मग ती यंत्रं कशी बनवणार?

आणि हे काय, की मार्चमध्ये कमिटी बसणार, पसंत पडलं तर तास कायमचा, नायतर तो वर्कशॉपला देणार आणि तू परत शिक्क्यावर. मंजे पोरगी बघायला येतात तसं तुला बघायला येणार. मला हे आवडलं नाय. पण मागितलास तर आता नीट कर. मधेच सोडून आलीस तर दारात घेणार नाय.

तुजा बाप बरा हाय. होडीला नवीन रंग दिला, निळा. मला विचारलं नाय कोणी.

येसूआत्या

मुंबई
१५ डिसेंबर १९८६

प्रिय आत्या,

तुझं पत्र काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि इतकी हसले की समोरच्या मुलाने स्वतःच्या शर्टाकडे बघितलं, काही सांडलंय का म्हणून.

आता ऐक. ही मुलं हुशार आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांना एकच पुस्तक माहीत आहे, ते म्हणजे गाइड. परीक्षेच्या आधी येतात आणि म्हणतात, "मॅडम, ते लाल पुस्तक द्या." कुठलं लाल? "सगळे नेतात ते." पहिल्या तासाला मी त्यांना कार्डांचे खण दाखवले. आमच्याकडे लाकडी कपाट आहे, त्याच्या लहान लहान खणांत प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असतं, ते बघून पुस्तक कुठे आहे ते शोधायचं. मी म्हटलं, पंपावरचं कार्ड शोधून आणा. एक मुलगा गेला आणि अख्खा खण उपसून माझ्या टेबलावर घेऊन आला. "मॅडम, यात असेल."

मला त्यांना एवढंच शिकवायचंय, की काही वाचलं, ऐकलं, तर आधी विचारायचं, हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, कधी कळलं, आणि दुसरं कोणी तसंच म्हणतंय का. यंत्र बनवणाऱ्याने चुकीच्या माहितीवर यंत्र बनवलं तर ते यंत्र नीट चालूनसुद्धा चुकतं.

आमचे विभागप्रमुख दिनानाथ सर म्हणतात, "जमनाबाई, पुस्तक शोधायला शिकवायचं म्हणजे घास तोंडात घालायला शिकवण्यासारखं आहे." तरी तास दिला, कारण माणूस चांगला. मार्चमध्ये प्रत्येक गटाने कमिटीसमोर उभं राहायचं आणि आपण काय शोधलं, कोणाच्या शब्दावर, ते सांगायचं. कमिटीला पटलं तर जूनपासून सगळ्या शाखांना हा तास. नाही पटलं तर तू म्हणतेस तसं, शिक्का.

एका गटासाठी तुझी मदत हवी आहे. बन्सी राऊत म्हणून मुलगा आहे, सरावलीचा, वडील तारापूरच्या कारखान्यात. आणि पार्वती, वर्गातली एकटी मुलगी, डहाणूकडची. दोघांना बोंबील वाळवायचं यंत्र काढायचंय. त्यांना कळायला हवं, की आपल्याकडे वलांड्यांवर बोंबील कधीपासून कधीपर्यंत टांगतात. फक्त दिवाळीपर्यंत असेल तर कडक ऊन असतंच, लहानसं यंत्र पुरेल. पुढे थंडीत, दव पडतं तेव्हाही असेल तर मोठं आणि वेगळं लागेल. तू अनेक वर्षं हेच करतेस. सगळ्यांना विचारून लिहून पाठवशील का? पत्र वर्गात वाचणार आहे.

जमना

सातपाटी
२२ डिसेंबर १९८६

जमनाच्या वर्गातल्या पोरांनो,

तुमची मॅडम माजी भाची. तिला त्रास दिलात तर मला कळेल.

बोंबील कसा वाळवतात ते लिहिते. उभे बांबू पुरायचे, आडवे बांबू नायतर दोर बांधायचे, त्याला आमी वलांडी बोलतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, आणि जोडी दोरावर टाकायची, एक ह्या बाजूला एक त्या बाजूला. दात एकमेकांत धरतात, वाऱ्याने पडत नाय. खिळा नाय, सुतळी नाय. हे तुमी यंत्रात कसं करणार ते बघा, मला समजत नाय. ऊन फुकट मिळतं त्याला यंत्र कशाला ते पण समजत नाय. पण तुमाला शिकायचंय तर शिका.

किती दिवस टांगतो विचारलं. तर दिवाळीपर्यंत कसंतरी चालतं. दिवाळी झाली की मासळीच लागत नाय. वलांड्या मोकळ्या हायत. नुसते बांबू उभे हायत. यंदा तर काय नाय. मी लाडकीला विचारलं, ठमीला विचारलं, पलीकडच्या आळीतल्या बायांना विचारलं. सगळ्या हेच बोलल्या. एकीचा शब्द दुसरीपेक्षा वेगळा नाय.

आता पत्र पुरं करते. उन्हं उतरली, दव पडायच्या आत वरचे काढून घरात घ्यायचेत.

येसूबाई तामोरे

मुंबई
१० जानेवारी १९८७

प्रिय आत्या,

तुझं पत्र वर्गात वाचलं. जबड्यात जबडा अडकवण्यापाशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी पुढच्या बाकावर पेनांच्या टोपणांनी करूनही बघितलं.

पण आता जे झालं ते तुला सांगितलंच पाहिजे.

बन्सी आणि पार्वती सुट्टीत घरी गेली नाहीत. तळघरात जुने सरकारी अहवाल ठेवलेत, तिथे कोणी उतरत नाही. दोघं उतरली. कार्डावरून शोधत शोधत पाच-सहा वर्षांपूर्वीचा किनाऱ्यावरच्या सुक्या मासळीचा एक अहवाल काढला, धूळ झटकली, आणि मला दाखवायला धावत आली. त्यात छापलंय, सातपाटी भागात बोंबील वाळवण्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास संपतो. अगदी तू लिहिलंस तसंच.

बन्सी म्हणाला, "मॅडम, दोन जागी विचारलं. दोन्ही एकच सांगतात. म्हणजे खरं." त्याने लहानशा यंत्राचं चित्रही काढून टाकलं. वर्ग खूश, मी सोडून.

आत्या, मी सातपाटीची आहे. पौषात, थंडीने दात वाजत असताना, मी त्या वलांड्यांखालून शाळेत जायचे आणि वरून वेणीवर पाणी ठिबकायचं. शाळेत मला कोणी शेजारी बसू द्यायचं नाही. शिमग्याला सोंगं निघायची ती वलांड्यांना वळसा घालून, कारण मधून वाट नसायची. मी विसरले असं वाटलं का तुला?

पण मी वर्गात बोलले नाही. उत्तर मी द्यायचं नाही असा माझाच नियम आहे. मी एवढंच विचारलं, "पुस्तकाला कोणी सांगितलं?"

दोघं परत तळघरात. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात होतं: स्थानिक मच्छीमार महिलांशी झालेल्या चर्चेवरून, सातपाटी. मग पार्वतीने तुझं पत्र पुन्हा मागून घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि मला म्हणाली, "मॅडम, वलांड्या मोकळ्या असतील तर आत्या संध्याकाळी वरचे काढायला कशाला गेल्या?"

मी म्हटलं, "चांगला प्रश्न आहे."

कमिटीत बाहेरचे एक परीक्षक येणार आहेत, ते बोईसरच्या, म्हणजे सातपाटीजवळच्याच, कारखान्यात इंजिनिअर आहेत. तिथल्या माणसासमोर ही पोरं दिवाळीचं सांगायला लागली तर माझा तास तिथेच संपला. पार्वतीला शंका आहे, पण शंका म्हणजे उत्तर नव्हे. आत्या, त्या अहवालवाल्याला कोण भेटलं होतं? आणि मला खरं लिहून दे. एका ओळीत दे.

जमना

सातपाटी
१७ जानेवारी १९८७

जमना,

तुज्या त्या पोरीला सांग, दुसऱ्याचं पत्र शेवटपर्यंत वाचू नये.

अहवालवाला मला चांगला आठवतो. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, पाय चिखलात भरले म्हणून रडकुंडीला आलेला. ओट्यावर बसवला, चहा दिला, पाय धुवायला पाणी दिलं. त्याने विचारलं, बाई, मासळी किती, कधीपर्यंत. मी बोलली, काय नाय दादा, दिवाळीपर्यंत कसंतरी. लाडकी बोलली तेच. ठमी बोलली तेच. त्याने लिहून घेतलं आणि जाताना आभार मानले. मला काय माहीत तो त्याचं पुस्तक करणार हाय. कोणी चहा पिऊन गेला तर पुस्तक होतं असं कोणाला वाटेल.

यात खोटं काय हाय ते मला सांग. तू ह्या आळीतली. तुला आजीने शिकवलं नाय का? होडी भरून आली तरी किनाऱ्यावर कोणी विचारलं काय लागलं, तर बोलायचं पाणीच आणलं. टोपली डोक्यावर मावत नसली तरी काय नाय यंदा. मिळालेलं तोंडाने बोललं की त्याला नजर लागते. आणि विचारणारा उगीच विचारत नाय. मुरब्याच्या बाया खाडीपलीकडून कान लावून बसल्यात. इथे मासळी बक्कळ हाय हे त्यांना कळलं की पालघरच्या बाजारात गिऱ्हाईक आमच्या तोंडावर बोलणार, तुमच्याकडे तर ढीग हाय, एवढा भाव कशाला. त्या पण हेच करतात. आमी त्यांना विचारतो, त्या आमाला काय नाय बोलतात, आमी त्यांना काय नाय बोलतो, आणि दोघी एकमेकींच्या टोपलीकडे बघतो. असं चाललंय. कोणाचं काय बिघडलं?

तुजा तास जावा असं मला वाटत नाय. मागच्या पत्रापासून मी नीट जेवली नाय, लाडकीला विचार. पण मासळी किती आणि कधीपर्यंत हे माज्या हाताने कागदावर जाणार नाय. तुज्यासाठी पण नाय. एक ओळ काय, अर्धी पण नाय. तुजी आजी असती तर तिने तुला विचारल्याबद्दलच फटका दिला असता.

दुसरं काय पण माग.

येसूआत्या

मुंबई
२४ जानेवारी १९८७

आत्या,

ठीक आहे. लिहू नकोस. मला आजी आठवते.

पण मीसुद्धा मुलांना काही सांगितलेलं नाही, हे तुला कळू दे. आपल्या आळीची रीत तू मोडत नाहीस आणि माझ्या वर्गाची रीत मी मोडत नाही. आता त्यांचं ती शोधतील, किंवा नाही शोधणार. बन्सी म्हणतो, पुस्तकात छापलंय, अजून काय पाहिजे. पार्वती त्याच्याशी बोलत नाहीये. काल तिने मला विचारलं, "मॅडम, सांगणाऱ्या सगळ्या एकाच ओट्यावर बसलेल्या असतील तर त्या दहा जणी धरायच्या की एक?" मी म्हटलं, तुला काय वाटतं. ती माझ्यावरही रागावली.

तू जेव. तास माझा आहे, उपास तू कशाला करतेस.

जमना

सातपाटी
२ फेब्रुवारी १९८७

जमना,

आधी सांग, तू पाठवलं होतंस का त्यांना? नाय पाठवलंस हे पोरगी बोलली. मी तिच्यावर विश्वास ठेवला, तिला खोटं बोलता येत नाय, तोंड लाल होतं.

काल रविवार. मी वलांड्यांखाली टोपली घेऊन उभी. वर बोंबील असे भरलेले की दुपारी खाली सावली. समोरून एस.टी.तून उतरलेली दोन माणसं आली. पोरगा उंच, घामाने भिजलेला, पोरगी चपला हातात घेऊन. मला वाटलं वाट चुकली.

पोरगी बोलली, "येसूआत्या तुम्हीच ना? आम्ही जमना मॅडमच्या वर्गातले."

आता सवय ती सवय. तोंडातून निघून गेलं, "काय नाय गो यंदा. वलांड्या मोकळ्या हायत."

पोरीने वर बघितलं. पोराने वर बघितलं. मग दोघांनी माज्याकडे बघितलं.

पोरगा बोलला, "मग हे काय, आत्या?"

"हे? हे गेल्या वर्षीचे."

तेवढ्यात वरून एक थेंब पडला, नेमका त्याच्या कपाळावर. त्याने बोटाने पुसला, बोट नाकाला लावलं, आणि वळणाचा पोरगा हाय, काय बोलला नाय. लाडकी बाजूला टोपल्या रचत होती, ती अशी हसली की खालीच बसली. ठमी बोलली, "येसू, गेल्या वर्षीचे अजून रडतात का गो?"

मी पण हसली. काय करणार. एवढ्या बोंबलांच्या खाली उभं राहून किती वेळ नाय बोलणार माणूस.

मग त्यांना घरी आणलं. तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण. पोरगा सरावलीचा, त्याला सवय हाय, त्याने तीनदा मागितलं. पोरगी काट्याला घाबरत होती. मी बोलली, बोंबलाचा काटा कोण बघतं, गीळ. जेवताना पोरगा तिला हळूच बोलला, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं." ती बोलली, "मोठ्याने बोल." तो मोठ्याने बोलला. मला ही पोरगी आवडली.

जेवण झाल्यावर पोरगी बोलली, "आत्या, तुमचं पत्र आणि ते पुस्तक आम्ही दोन धरली होती. तो एकच ओटा निघाला. आता कमिटीला आम्हांला सांगावं लागेल पुस्तक का चुकलं. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार. यंत्राचा विषयच बदलू."

"आणि जमनाचा तास?"

तिने ताट उचललं. पोराने पण उचललं. मला कळलं, दोघांना माहीत हाय काय जाणार ते, तरी मला विचारायला आलेत. असं विचारायला त्या टोपीवाल्याला सुचलं नव्हतं.

माज्या एकटीचा शब्द नाय हा, आळीचा हाय. तर संध्याकाळी सगळ्या बाया बोलावल्या. ओट्यावर जागा नाय, अर्ध्या अंगणात. ठमी बोलली, पोरांना सांगू देऊ नका. लाडकी बोलली, दिसतंय ते काय झाकणार, वलांड्यांना लुगडं नेसवणार का? कोणी बोललं मुरब्याला कळेल. मी बोलली, मुरब्याला आमी खोटं बोलतो हे मुरब्याला माहीत नाय काय? त्या पण तेच करतात. आमी नाय बोलतो हे गुपित नाय. किती हाय ते गुपित हाय.

मग ठरलं ते असं. आमच्या आळीत विचारलं की नाय बोलतात, हे पोरांनी कमिटीला सांगायचं, कोणाला पण सांगायचं. आपल्या डोळ्याने वलांड्या भरलेल्या बघितल्या, कोणत्या महिन्यात, ते पण सांगायचं. डोळे त्यांचे, आमी बांधू शकत नाय. पण किती होते ते मोजायचं नाय, लिहायचं नाय. मासळीचा आकडा आमच्या तोंडातून नाय आणि त्यांच्या हातातून पण नाय.

ठमीने पोरीला विचारलं, "मोजले नाय ना येताना?"

पोरगी बोलली, "बन्सीने सुरुवात केली होती."

ठमी बोलली, "विसर." तो बोलला, "विसरलो." त्याचं पण तोंड लाल झालं, पण आमी सोडून दिलं.

आणि मग पोरीने जे विचारलं ते ऐक. ती बोलली, शिमग्यापर्यंत असतील हे आम्हांला कसं कळणार, आता तर माघ लागतोय. मी बोलली, मी सांगणार नाय. पण शिमग्याला जेवायला या. सगळ्या बाया बोलल्या, हो, या.

म्हणून दोघं शिमग्याला परत येतील. तू पण ये. तू आपल्याच गावात पाहुणी नाय, पाटा-वरवंटा तुज्या वाट्याला येईल.

मी जेवते आता.

येसूआत्या

मुंबई
२८ मार्च १९८७

प्रिय आत्या,

शिमग्याला भरलेल्या वलांड्या बघून, जेवून आल्यापासून पार्वतीच्या वहीला अजून कालवणाचा वास येतो आणि ती पुसत नाही.

काल कमिटी झाली. सुरुवातीपासून सांगते, मधे थांबू नकोस.

आधीच्या गटांनी बरं केलं. दिनानाथ सर टेबलावर पेन्सिल फिरवत होते. मग ही दोघं. बन्सी उभा राहिला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "आम्ही दोघांना विचारलं असं आम्हांला वाटत होतं. खरं म्हणजे आम्ही एकाच आत्याला दोनदा विचारलं." सरांची पेन्सिल थांबली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझं पत्र, तळघर, शेवटच्या पानावरचा बारीक टाइप, वरचे काढायला जायची तुझी ओळ, आळीची रीत, आणि कपाळावरचा थेंब. थेंबापाशी कमिटीतले म्हातारे सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी यंत्राची दोन चित्रं शेजारी लावली. एक दिवाळीवालं, लहान. दुसरं शिमग्यावालं, थंडीतलं दव धरून काढलेलं. पार्वती म्हणाली, "पहिलंही चाललं असतं. मोकळ्या वलांड्यांसाठी."

बोईसरच्या परीक्षकांनी दोन्ही चित्रं जवळ ओढून घेतली. मी काउंटरला धरून उभी होते. मग ते म्हणाले, "मी पालघरला राहतो. थंडीत सातपाटीकडून वारा आला की सगळ्या चाळीला कळतं काय वाळत घातलंय. तुम्ही अहवालातलं दिवाळीचं वाचलंत तेव्हा मी मनात म्हटलं, पुस्तकात आहे म्हणजे आपल्या नाकाची चूक असेल." आणि स्वतःच हसायला लागले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "साधारण किती बोंबील असतील? अंदाज द्या, यंत्राचा आकार त्यावर ठरेल."

बन्सी पार्वतीकडे बघायला लागला. पार्वती म्हणाली, "सर, ते सांगायला आम्हांला आळीची परवानगी नाही. एका वलांडीचं यंत्र काढलंय. वलांड्या किती ते ज्याचं तो जाऊन बघेल."

दिनानाथ सर मधे पडले. "म्हणजे माहिती असून देणार नाही?"

"हो सर. आणि देत नाही असं स्पष्ट लिहिलंय. शेवटच्या पानावर. मोठ्या अक्षरात."

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "जमनाबाई, ते घास तोंडात घालायचं मी बोललो होतो, ते मागे घेतो असं समजा." मग कमिटी आत गेली, चहा आत गेला, आणि बाहेर आली तेव्हा चहा अर्धाच पिऊन झाला होता. जूनपासून सगळ्या शाखांना तास, आत्या. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, सगळ्या. वाचनालयाच्या मागची टाइपरायटरची खोलीही मला मिळाली, वर्गासाठी. मी घरी येऊन भांडी घासली, ती पुन्हा घासली, काय करावं ते कळेना म्हणून.

आज सकाळी त्या दोघांनी मला न विचारता आणखी एक काम केलं. त्या अहवालाच्या कार्डामागे दुसरं कार्ड घातलं. त्यावर लिहिलंय: हे पुस्तक वाचण्याआधी सातपाटीला जाऊन या. जेवून या. ते मी काढणार नाही, नियमात बसत नसलं तरी.

आता सरांचं म्हणणं असं, की जूनमधला पहिला तास तू घ्यावास. गाडीभाडं कॉलेज देईल. पोरांसमोर बसून तू फक्त बोलायचं, ते विचारतील, तू उत्तर द्यायचं. मी हो म्हणू का?

आणि खरं सांग, तुला आनंद झाला ना? किती झाला?

जमना

सातपाटी
५ एप्रिल १९८७

जमना,

पत्र लाडकीने वाचून दाखवलं, मी होडीच्या सावलीत बसली होती. सगळ्या ऐकत होत्या. पहिलं वाक्य पोराने बोललं तिथे ठमी बोलली, आत्याला कशाला, आमी पण होतो तिथे. तिचं नाव घालायला सांग पुढच्या वेळी. बोईसरच्या साहेबाच्या नाकापाशी सगळ्यांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. कार्डाचं ऐकून बाया बोलल्या, आता मुंबईहून पोरं जेवायला यायला लागली तर काय करायचं. मी बोलली, पाटा-वरवंटा त्यांना द्यायचा.

तुज्या बापाला सांगितलं. तो होडीवर चढला आणि जाळं नीट करत बसला. जाळं नीटच होतं.

आज पालघरच्या बाजारात मुरब्याची सोमी शेजारी बसली होती. ती बोलली, "येसू, तुजी भाची मुंबईला हाय ना? काय करते?" मी बोलली, "काय नाय गो. शिक्के मारते." ती बोलली, "बढती-बिढती काय?" मी बोलली, "कसली बढती. चाललंय कसंतरी." तिने माज्या तोंडाकडे असं बघितलं जसं आमी त्यांच्या टोपलीकडे बघतो. बघू दे.

तासाला मी येणार नाय. सरांना नमस्कार सांग आणि नाय सांग. मला विचारणार आणि मी उत्तर देणार, आणि पोरं ते लिहून घेणार, हे एवढं सगळं झाल्यावर त्यांना कसं सुचतं मला समजत नाय. त्यांनी इथे यावं.

आनंद किती झाला ते विचारलंस. ते मी सांगणार नाय.

येसू